चिपमधली उष्णता तळोजात कुठे जाणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने तळोजासाठी एक मोठी घोषणा केली. अदानी समूह आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी मिळून इथे चिप बनवण्याचा कारखाना काढणार आणि दोन टप्प्यांत ८३ हजार ९४७ कोटी रुपये गुंतवणार, अशी ती बातमी होती. पुढच्या वर्षी ही बोलणी थांबल्याचे वृत्त आले. आधी ‘आला’ म्हणून फटाके, मग ‘थांबला’ म्हणून हळहळ. दोन्ही वेळा चर्चा झाली ती कोटींची, नोकऱ्यांची आणि कोणते राज्य पुढे याची. चिप ही तापणारी वस्तू आहे आणि ती तापल्यावर निघणारी उष्णता कुणाच्या तरी अंगणात सोडावी लागते, हा मुद्दा कुणाच्याच तोंडी नव्हता.

तो कारखाना उद्या उभा राहो वा न राहो, चिप मात्र नवी मुंबईत केव्हाच येऊन राहिली आहे. महापे, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. पनवेलजवळ २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या एका इमारतीतच ७,२०० रॅकची सोय आहे. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वात मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईकडे आहे. तळोजा औद्योगिक वसाहत या सगळ्याच्या मध्यावर आहे: वीज आहे, रस्ते आहेत, भूखंड आहेत. त्यामुळे प्रश्न एका प्रकल्पापुरता नाही. सुरुवात मात्र करावी लागते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेपासून, कारण उष्णतेचा जन्म तिथे होतो.

विजेच्या प्रवाहाने तार तापते हे इस्त्री वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. इंग्लंडमधल्या एका बिअर उत्पादकाचा मुलगा जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास मोजमाप करून दाखवले की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. इस्त्रीत ती हवी असते, चिपमध्ये नको असते, एवढाच काय तो फरक. ऊर्जेच्या हिशेबात चिप ही इस्त्रीच आहे. पंपात गेलेल्या विजेतला काही भाग पाणी टाकीत चढवण्यात खर्च होतो आणि त्या उंचीच्या रूपात शिल्लक राहतो. चिपमध्ये असे काही शिल्लक राहत नाही. शंभर वॉट आत गेले की शंभर वॉट उष्णता बाहेर येते. केलेली बेरीज, लावलेला सिनेमा, लिहून घेतलेला निबंध यांचे ऊर्जेच्या वहीत वजन जवळपास शून्य असते. माहितीचा एक बिट पुसायला निसर्ग किमान किती ऊर्जा मागतो हे आयबीएमच्या रोल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये सांगितले. आजची चिप एका उघडझापीला त्याच्या हजारो पट ऊर्जा खर्च करते. म्हणजे तत्त्वतः बचतीला भरपूर वाव आहे, पण व्यवहारात ती बचत हाती लागलेली नाही.

चिपमधला स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर. त्यात इलेक्ट्रॉन ज्या अरुंद वाटेने धावतो तिची लांबी आता वीस नॅनोमीटरच्या आसपास आली आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची रचना दर अर्ध्या नॅनोमीटरला पुन्हा तशीच येते, हे लक्षात घेतले तर ही वाट किती आखूड आहे याचा अंदाज येईल. (बाजारात ‘तीन नॅनोमीटर’, ‘दोन नॅनोमीटर’ अशी जी नावे मिरवतात, ती आता फक्त नावे उरली आहेत. तथाकथित तीन नॅनोमीटरच्या चिपमध्ये शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरच्या गेटमधले अंतर पन्नास नॅनोमीटरच्या आसपास असते. शर्टाच्या मापासारखाच प्रकार.) इतक्या आखूड वाटेत इलेक्ट्रॉनला धक्के खायला फारशी सवड मिळत नाही. तो जवळजवळ सरळ सुटतो आणि कमावलेली ऊर्जा वाटेच्या शेवटच्या टोकाला, थोड्याशा जागेत एकदम टाकतो. नेहमीच्या तारेत उष्णता सगळ्या लांबीभर पसरून निर्माण होते. इथे ती एका कोपऱ्यात साचते.

साचलेली उष्णता म्हणजे काय, तर अणूंचे थरथरणे. आणि या थरथरण्याचेही दोन प्रकार आहेत. संध्याकाळच्या पनवेल लोकलचा डबा आठवावा. मधोमध उभी माणसे एकमेकांना ढकलत असतात, जागच्या जागी हलत असतात, पण पुढे सरकत नाहीत. दाराजवळची माणसे मात्र स्थानक आले की झटकन बाहेर पडतात. इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रामुख्याने पहिल्या प्रकारच्या, जागच्या जागी हलणाऱ्या कंपनांना देतो. ती कंपने वाहणाऱ्या कंपनांत बदलल्याशिवाय उष्णता तिथून हलत नाही. तेवढ्या वेळात मागून पुढचा इलेक्ट्रॉन येऊन धडकलेला असतो.

बरे, वाहणारी कंपने तयार झाली तरी त्यांची वाट मोकळी नसते. सिलिकॉनच्या मोठ्या तुकड्यात उष्णतेचा बराचसा भाग वाहून नेणारी कंपने मध्ये कुठेही न अडखळता शेकडो नॅनोमीटर जाऊ शकतात. पण ज्या थरात ती जन्मली तो थरच दहा नॅनोमीटर जाडीचा असेल, तर ती चार पावलांत भिंतीवर आपटतात. परिणाम असा की अशा पातळ थरातून उष्णता मोठ्या तुकड्याच्या तुलनेत सुमारे एक दशांशच वाहते. शाळेत शिकवला जाणारा उष्णतावहनाचा नियम फ्रेंच गणिती फूरिए याने १८२२ मध्ये मांडला. त्यात वस्तूची जाडी बदलली तरी पदार्थाची उष्णतावाहकता तीच राहते असे धरलेले असते. भांडी, भट्ट्या आणि बॉयलर यांना तो चोख लागू पडतो, नॅनोमीटरच्या जगात त्याचा हिशेब चुकतो. त्यात भर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या भोवती वीज अडवण्यासाठी काचेसारखा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असतो. त्यातून उष्णता सिलिकॉनच्या शंभरपट कमी वाहते. थंडीत गोधडी पांघरून बसलेल्या माणसाने आतून शेगडी पेटवावी, तसे हे आहे. २०११ पासून आलेल्या, भिंतीसारख्या उभ्या रचनेच्या ट्रान्झिस्टरमध्ये विजेची गळती कमी झाली. पण तिन्ही बाजूंनी गोधडी आल्यामुळे तो आतल्या आत अधिक तापू लागला. एक दुखणे आवरले आणि दुसरे बळावले.

तारांचीही हीच गत. घरातल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून वीस अँपिअर गेले, तर दर चौरस सेंटिमीटरला आठशे अँपिअर इतकी प्रवाहाची दाटी होते. त्याहून फार वाढवले की वायर तापते आणि एमसीबी पडतो. चिपमधल्या तांब्याच्या तारांत हीच दाटी दहा लाखांच्या घरात असते, म्हणजे हजार पटींहून जास्त. ती तार लगेच वितळत नाही, कारण ती केसापेक्षा कितीतरी बारीक असून सगळ्या बाजूंनी घन पदार्थाला चिकटलेली असते आणि उष्णता लगेच शेजाऱ्याला देते. पण इतक्या दाटीत धावणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंनाच हळूहळू पुढे ढकलत नेतात. एका जागी पोकळी पडते, दुसऱ्या जागी उंचवटा येतो आणि काही वर्षांनी तार तुटते. मोटोरोलाचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचे सूत्र दिले. त्यानुसार तापमान थोडे वाढले तरी तारेचे आयुष्य झपाट्याने घटते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला फोन लवकर म्हातारा होतो, त्यामागे बॅटरीइतकेच हेही एक कारण आहे.

एकेकाळी लहान होणे हाच उष्णतेवरचा उपाय होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की ट्रान्झिस्टर जितका लहान कराल, तितका विजेचा दाबही कमी करता येतो. मग तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता तेवढीच राहते. सुमारे तीस वर्षे हे गणित चालले. मग दाब आणखी कमी करणे शक्य होईना, कारण बंद स्विचमधूनही वीज झिरपू लागली आणि तापल्यावर ती जास्तच झिरपते. २००४ मध्ये इंटेलने अधिक वेगवान प्रोसेसरचा एक प्रकल्प अर्ध्यावर सोडला. त्याआधी दर वर्षी जाहिरातीत वाढणारा गिगाहर्ट्‌झचा आकडा तेव्हापासून जवळपास तिथेच रेंगाळला आहे. ‘ड्युअल कोअर’, ‘क्वाड कोअर’ हे शब्द घरोघरी पोहोचले ते यामुळेच. एकाच घोड्याला आणखी पळवता येईना, तेव्हा चार घोडे जुंपले.

आता एकूण उष्णता किती, ते स्वयंपाकघरातल्या मापाने पाहता येते. दोन हजार वॉटच्या इंडक्शन शेगडीवर वीस सेंटिमीटर व्यासाचे पातेले ठेवले, तर त्याच्या तळाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेसहा वॉट मिळतात. त्यावर पाणी खदखदा उकळते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एनव्हिडियाची एच-१०० ही चिप २०२२ मध्ये आली. आठ हजार कोटी ट्रान्झिस्टर असलेल्या या चिपचे क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटरच्या जरा वर आहे आणि तिचा वीजवापर सातशे वॉटपर्यंत जातो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शहाऐंशी वॉट. शेगडीच्या तेरा पट. आणि शेगडीवरचे पातेले शंभर अंशांना गेले तर कुणाची हरकत नसते, चिपला मात्र तिथवर जाऊ देता येत नाही.

ही उष्णता माणसाच्या अंगाशी येते तेव्हा तिची दखल डॉक्टर घेतात. फोनमध्ये पंखा नसतो. फोन थंड करणारा शेवटचा भाग म्हणजे धरणाऱ्याचा तळहात. त्वचा भाजण्यासाठी चटका बसावाच लागतो असे नाही. हार्वर्डमधील मॉरिट्‌झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये केलेल्या प्रयोगांनुसार ४४ अंशांची वस्तू सुमारे सहा तास त्वचेला चिकटून राहिली, तरी भाजल्याची जखम होऊ शकते. जागा माणूस हात बाजूला घेतो, पण उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन आणि गाढ झोपलेला माणूस यांची गोष्ट वेगळी. ज्यांना मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी मांडीवर किंवा पायांवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करू नये, हे डॉक्टरांनी सांगावे इतके महत्त्वाचे आहे. मांडीवरच्या लॅपटॉपमुळे त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पूर्वी असे डाग शेकोटीशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायांवर दिसत. एप्रिलच्या दुपारी दुचाकीच्या हँडलला फोन लावून पत्ते शोधणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांना फोन मध्येच मंद होतो किंवा बंद पडतो, हे ठाऊकच असते. तो बिघाड नसतो. चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत असते. त्या मुलाला मात्र तसा वेग कमी करायची मुभा नसते.

हे झाले एका फोनचे किंवा एका लॅपटॉपचे. डेटा सेंटरमध्ये अशा हजारो चिप एका छताखाली असतात आणि उष्णता कुठे जाते हा प्रश्न तिथे वस्तीचा होतो. चिपवरून ती लेपातून तांब्याच्या ठोकळ्याला, तिथून हवेला किंवा नळीतल्या पाण्याला, मग चिलरला आणि शेवटी इमारतीच्या बाहेर जाते. वाटेत ती कुठेही नाहीशी होत नाही. उलट पंखे, पंप आणि चिलर यांची स्वतःची वीज खर्च होते आणि तिचीही उष्णताच होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल, असे तीच संस्था म्हणते. युनिट विजेचे म्हटले काय किंवा उष्णतेचे म्हटले काय, इथे अर्थ एकच.

इमारतीबाहेर उष्णता सोडण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन. कूलिंग टॉवरमध्ये गरम पाणी वरून सोडतात, त्यातले थोडे वाफ होऊन उडते आणि उरलेले थंड होते. एक युनिट उष्णता अशी उडवायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. हे पाण्याच्या गुणधर्मावरून निघते, कंपनी कोणतीही असली तरी बदलत नाही. पन्नास मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले आणि सगळी उष्णता याच मार्गाने सोडली, तर दिवसाला सुमारे अठरा लाख लिटर पाणी आकाशात जाईल. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी निकष आहे. त्या मापाने हे तेरा हजार माणसांचे पाणी झाले. तळोजाच्या नव्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे काही नवे नाही. पाणी वाचवायचे असेल तर कोरड्या हवेने थंड करणारी यंत्रे लावता येतात, पण ती वीज जास्त खातात. पाणी वाचवले तर वीज जाते आणि वीज वाचवली तर पाणी, या कात्रीतून सुटका नाही. निवड करावी लागते आणि ती लोकांना सांगून करावी लागते.

तळोजाच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे, ती किनाऱ्याच्या दमटपणाची. बाष्पीभवनाने पाणी किती थंड होईल हे नुसत्या तापमानावर ठरत नाही, हवेत आधीच किती ओलावा आहे यावरही ठरते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून घेतलेले तापमान, म्हणजे आर्द्रकंद तापमान, ही त्याची मर्यादा. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान २३ अंशांच्या आसपास येते. नवी मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ते २९ अंशांवर जाते. म्हणजे ज्या दिवशी नागपूरच्या उन्हाच्या बातम्या पहिल्या पानावर असतात, त्या दिवशी तिथला कूलिंग टॉवर तळोजातल्या टॉवरपेक्षा चांगले काम करतो. विदर्भातल्या घराघरांत कूलर चालतो आणि पनवेलमध्ये त्याने नुसती चिकचिक होते, यामागे हेच कारण आहे. डेटा सेंटर मुंबईजवळ येतात ती समुद्राखालच्या केबल इथे पोहोचतात म्हणून, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत म्हणून. थंड करण्याच्या दृष्टीने मात्र राज्यातली ही जागा सोयीची नव्हे.

माणसाचे शरीरही असाच एक कूलिंग टॉवर आहे. घाम सुकला तरच अंग थंड होते, आणि घाम सुकणे त्याच ओल्या फडक्याच्या तापमानावर अवलंबून असते. हे तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणूसही सावलीत, भरपूर पाणी पिऊन तग धरू शकत नाही, असे पूर्वी मानले जाई. पेन स्टेट विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत धडधाकट तरुणांचीही ही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपास आढळली. २९ आणि ३१ मध्ये अंतर फार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी तळोजाला लागूनच असलेल्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसले होते. त्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. त्या दिवसाचा डेटा सेंटरशी काही संबंध नाही आणि तसा जोडूही नये. पण या भागातल्या हवेत माणसाच्या शरीराला किती कमी फुरसत असते, ते त्या दिवसाने दाखवले. टॉवरमधून निघणारी उबदार वाफ मिसळणार ती याच हवेत. एका केंद्राने पनवेलचे हवामान बदलत नाही, वाऱ्यावर बरेच काही पसरून जाते. मात्र डझनभर केंद्रे आणि त्यांच्या शेजारी रासायनिक कारखाने, काँक्रीटचे यार्ड, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या अशी मांडणी झाली, तर रात्रीचे तापमान उतरायला वेळ लागेल. उष्णतेचे आजार वाढतात ते रात्री अंग निवत नाही तेव्हा.

कूलिंग टॉवरची आणखी एक बाजू सार्वजनिक आरोग्याची आहे आणि तिच्याबद्दल इथे फारच कमी बोलले जाते. पंचवीस ते पंचेचाळीस अंशांचे, हवेशी खेळणारे पाणी हे लेजिओनेला या जिवाणूचे आवडते घर. टॉवरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासात गेला की गंभीर न्यूमोनिया होतो, विशेषतः वयस्कर, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात हा आजार प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या टॉवरमुळे शंभरावर माणसे आजारी पडली आणि डझनाहून अधिक दगावली. त्याच वर्षी त्या शहराने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी सक्तीची केली. त्याआधी शहरात एकूण टॉवर किती, याची यादीही महापालिकेकडे नव्हती. पनवेल महापालिकेच्या हद्दीत न्यूमोनियाच्या रुग्णाला ‘घराजवळ कूलिंग टॉवर आहे का’ असे विचारण्याची पद्धत रुजायला हवी. त्यासाठी आधी टॉवर कुठे आहेत हे माहीत असायला हवे.

तळोजाला प्रदूषणाचा अनुभव नवा नाही. कासाडी नदीचे पाणी, रात्रीचे उग्र वास, राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेली प्रकरणे हे सगळे झाले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या रस्त्यांवर निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले, त्यांची छायाचित्रे जगभर गेली आणि मग रंगद्रव्याच्या एका कारखान्यावर कारवाई झाली. कुत्रे निळे झाले म्हणून हलचल झाली. उष्णतेला रंग नसतो आणि वासही नसतो. तिच्यामुळे कुणी निळे होत नाही. म्हणूनच डेटा सेंटर किंवा चिपच्या कारखान्याला ‘स्वच्छ उद्योग’ म्हणून झुकते माप मिळते आणि त्या मापात उष्णता मोजलीच जात नाही. चिपच्या कारखान्यात तर अत्यंत शुद्ध पाणी, कित्येक विषारी वायू आणि चोवीस तास एका ठरावीक तापमानाला राखलेल्या स्वच्छ खोल्या लागतात. तिथली वातानुकूलन यंत्रणा हाच एक कारखाना असतो.

यावर उत्तर मिळते की अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागतेच. लागते, पण ती कोणत्या मापाने? २००६ च्या अधिसूचनेत इमारतींसाठी मर्यादा आहे ती २० हजार चौरस मीटर बांधकामाची. राहण्याच्या इमारतीला हे माप ठीक आहे, कारण तिथे क्षेत्रफळ वाढले की माणसे वाढतात आणि माणसांबरोबर पाणी व सांडपाणी. डेटा सेंटरमध्ये क्षेत्रफळ तेवढेच राहून आतली उष्णता दहा पट होऊ शकते. पूर्वी एका रॅकला पाच ते दहा किलोवॉट लागत. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रॅकला शंभर किलोवॉटहून अधिक लागतात. इमारत तीच, भिंती त्याच, आतली यंत्रे बदलली की शेगड्यांची संख्या दसपट. चौरस मीटरने मोजणारा नियम हे पाहूच शकत नाही. अर्जात पाणी आणि विजेचे आकडे भरावे लागतात हे खरे, पण यंत्रे पाच-सात वर्षांत बदलतात आणि आकडे फायलीत पडून राहतात.

तेव्हा मागणी साधी आहे. अशा प्रत्येक केंद्राला मंजुरी द्यावी ती मेगावॉटच्या मापाने. मेगावॉट वाढवायचे असतील तर पुन्हा अर्ज करावा, भिंत हलली नाही तरी. केंद्राने दर महिन्याला तीन आकडे जाहीर करावेत: वापरलेली वीज, त्यातली नुसत्या थंडाव्यासाठी गेलेली वीज, आणि उडालेले पाणी. यातले एकही व्यापारी गुपित नाही. मे महिन्याचे आकडे वेगळे द्यावेत, कारण वर्षाच्या सरासरीत जानेवारी मे महिन्याला झाकून टाकतो. पिण्यायोग्य पाणी टॉवरला देऊ नये, प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे. मात्र असे पाणी टॉवरमध्ये फिरवायचे तर जिवाणूंची तपासणी अधिक काटेकोर हवी, हेही त्याच आदेशात लिहावे.

उद्योगांकडून यावर असे म्हटले जाईल की अटी वाढल्या तर गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल. हा धाक जुना आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्या अटींमुळे उठून जाणार नाहीत. शिवाय कमी उष्णतेत जास्त काम करणारी यंत्रे बसवणे कंपनीच्याही फायद्याचे आहे, वीजबिल तिलाच भरायचे असते. सक्ती हवी ती पाण्याच्या आणि हवेच्या बाबतीत, कारण त्यांचे बिल तिला येत नाही.

डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात एका डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता घरे उबदार करायला वापरतात. तळोजात घरे उबदार करण्याची गरज कुणाला नाही, त्यामुळे ते उदाहरण इथे जसेच्या तसे सांगण्यात अर्थ नाही. पण इथल्या कित्येक कारखान्यांत बॉयलर चालतात आणि बॉयलरला द्यायचे पाणी आधी थोडे गरम करून घेतले तर इंधन वाचते. नळीतून थेट चिपवर पाणी फिरवणाऱ्या नव्या पद्धतीत परतणारे पाणी चाळीस-पन्नास अंशांचे असते. एकाच वसाहतीत दोघे शेजारी असतील तर ही देवघेव निदान तपासून पाहावी. सगळी उष्णता त्यात खपणार नाही, थोडी खपेल.

हे शिकण्यासाठी लांब जायला नको. पवईला आयआयटी मुंबईत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे, खाडीच्या पलीकडे. तळोजात धातूकाम आणि उष्णता-विनिमयक बनवणारे कसबी कामगार आहेत. राज्याला ‘किती नॅनोमीटरची चिप’ या शर्यतीत धावायचे असेल तर धावावे, पण चिपची उष्णता बाहेर काढण्याचे काम, तिची बांधणी, तिचे थंड तबक, तिची चाचणी, हे इथल्या कारखान्यांना आजही जमण्यासारखे आहे आणि त्याची मागणी वाढतच जाणार आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलनाचा विषय पूर्वीपासून आहे. त्यात पाण्याने थंड होणाऱ्या रॅकचा एक भाग जोडता येईल.

भूखंड देते ते औद्योगिक विकास महामंडळ, हद्द महापालिकेची आणि हवा-पाण्याची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाची. तिघांच्या मधल्या फटीत उष्णता सहज निसटते. तळोजातला पुढचा मोठा भूखंड वाटताना महामंडळाने अर्जाच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: कमाल किती मेगावॉट, आणि मे महिन्यात ते कुठे सोडणार. तेवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, वाटपाच्या अटींतही ते बसते.